शटराची स्प्रिंग : घरधन्याचें काम किती, कारागिराचें किती

दोन पिढ्यांपूर्वीं वाशीमसारख्या गांवांत दुकान बंद करणें म्हणजे फळ्या लावणें असे. चौकटीच्या खांचेंत एकेक फळी सरकवावयाची, फळीफळीवर घातलेला अनुक्रम चुकूं द्यावयाचा नाहीं, आणि शेवटीं आडवा लोखंडी दांडा घालून त्यास कुलूप लावावयाचें, असा तो रोजचा सायंविधि होता. त्यांत यंत्र असें कांहींच नव्हतें. फळी जितकी जड तितकें बळ हातास लागे, आणि फळी मोडली तर गांवचा सुतार दुसरी करून देई. आज पाटणी चौकांत उभें राहून चहूंकडे पाहिलें तर जिकडेतिकडे पन्हळी पत्र्याचीं, वर गुंडाळलीं जाणारीं लोखंडी दारेंच दिसतात. त्यांस सर्वजण शटर म्हणतात. तेव्हां आम्हीहि तोच शब्द वापरतों.

हें शटर आतां बाजारपेठेपुरतें राहिलेलें नाहीं. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, वस्ती वाढली, आणि आमच्यासारख्या मध्यम स्थितींतील अनेक कुटुंबांनीं जुने वाडे उतरवून त्या जागीं खालीं एक-दोन गाळे व वर राहतीं घरें बांधलीं. कोणी गाळा औषधवाल्यास भाड्यानें दिला, कोणी त्यांत मोटार ठेवतो. मुलें पुण्यास किंवा परदेशांत आणि घरीं म्हातारा-म्हातारी, असा संसार जेथें आहे, तेथें गाळ्याचें भाडें हा पेन्शनीच्या जोडीचा दुसरा आधार असतो. त्यामुळें शटर बिघडलें कीं ती चिंता दुकानदाराइतकीच घरधन्याचीहि होते.

शटराचा सर्वांत त्रासदायक बिघाड म्हणजे त्याची स्प्रिंग तुटणें. बहुधा रात्रीं, शटर बंद असतां, वरच्या पेटींतून बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो. घरांतील मंडळी दचकून उठतात, चोर आला कीं काय म्हणून दिवा लावून पाहतात, आणि कांहींच न दिसल्यामुळें पुन्हां निजतात. सकाळीं पाहावें तों काल एका हातानें वर जाणारें शटर दोघांनीं मिळूनहि नीट उचलत नाहीं. अशा वेळीं सुशिक्षित घरांत एक प्रश्न हमखास निघतो : "हें आपणच घरीं दुरुस्त केलें तर काय हरकत आहे?" दुरुस्तीचीं सचित्र प्रात्यक्षिकें आतां प्रत्येकाच्या खिशांतील फोनवर पाहावयास मिळतात, तेव्हां प्रश्न अस्वाभाविकहि नाहीं. परंतु त्याचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' अशा एका शब्दांत देतां येत नाहीं. काम कोठपर्यंत आपलें आणि कोठून पुढें दुसऱ्याचें, ही रेषा आधीं नीट समजून घेतली पाहिजे. तेवढ्याचसाठीं हा लेख.

शटर हलकें कां वाटतें?

प्रथम शटराचें खरें वजन पाहूं. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा सुमारें ७.८५ किलो भरतो. शटराच्या पट्ट्यांचा पत्रा सामान्यतः ०.९ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सपाट पत्रा धरला तर चौरस मीटरास सात किलो. पण पट्ट्यांना वळणें असतात आणि त्यांच्या कडा एकमेकींत अडकविलेल्या असतात, म्हणून प्रत्यक्षांत हें वजन चौरस मीटरास दहा किलो किंवा त्याहूनहि अधिक होतें. अडीच मीटर रुंद व अडीच मीटर उंच असें साधें शटर घेतलें, तर तें साठ-पासष्ट किलोंचें झालें. धान्याचें भरलेलें पोतें तें हेंच. असें पोतें घरची गृहिणी एका हातानें डोक्यावर नेऊं शकेल काय? मग शटर ती कसें उचलते?

उत्तर वरच्या पेटींत आहे. तेथें दोन्ही भिंतींच्या आधारकांवर एक पोलादी नळ आडवा बसविलेला असतो आणि मजबूत पकडींनीं तो आवळलेला असतो. साध्या, हातानें ओढावयाच्या शटरांत हा नळ फिरत नाहीं. त्याच्यावर लोखंडी चाकें फिरतात, आणि शटराचा वरचा पत्रा त्या चाकांस जोडलेला असतो. नळाभोवतीं जाड तारेच्या स्प्रिंगा घातलेल्या असतात. प्रत्येक स्प्रिंगेचें एक टोंक नळास आणि दुसरें चाकास अडकविलेलें. सरकारी बांधकामाच्या दरपत्रकांत या स्प्रिंगांची लांबी २७.५ सेंटिमीटर दिलेली आढळते, आणि तार उच्च ताणबळाच्या पोलादाची असावी अशी अट असते. शटर रुंद असेल तितक्या स्प्रिंगा अधिक.

आतां शटर खालीं ओढलें कीं चाकें फिरतात आणि स्प्रिंगांना पीळ बसतो. शटर जसजसें खालीं येतें तसतसें लोंबणारें वजन वाढतें, आणि तसतसा पीळहि वाढतो. उलट वर नेतांना वजन चाकांवर गुंडाळलें जातें आणि पीळ उतरत जातो. वजन आणि पीळ यांचें हें जोडीनें वाढणें व जोडीनें उतरणें हाच सगळ्या योजनेचा प्राण आहे. सायंकाळीं खालीं येणाऱ्या शटराचें वजन स्प्रिंगेंत सांठवून ठेवावयाचें आणि सकाळीं तेंच उसनें घेऊन शटर वर न्यावयाचें, असा हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. आपल्या हातास लागतें तें केवळ घर्षणापुरतें बळ.

ज्यांनीं तर्कसंग्रह पढला असेल त्यांस येथें एक गोष्ट आठवेल. न्याय-वैशेषिकांनीं संस्कार नांवाचा एक गुण मानिला असून वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. अनुभवापासून उत्पन्न होऊन पुढें स्मृतीस कारण होणारी ती भावना. आणि दुसऱ्या स्थितींत नेलेल्या वस्तूस पुन्हां पूर्वस्थितीवर आणणारा तो स्थितिस्थापक. स्मृतीचें कारण आणि स्प्रिंगेचा गुण हे दोन्ही एकाच वर्गांत घालणाऱ्या त्या पंडितांचें आम्हांस कौतुक वाटतें. पुढें इंग्लंडांत रॉबर्ट हुक यानें १६७८ सालीं या गुणाचें माप सांगितलें : ताण दुप्पट केला तर परतण्याचें बळहि दुप्पट होतें. शटराखालीं उभें राहणारानें एवढेंच ध्यानांत धरावें कीं, पिळलेली तार आपली पूर्वस्थिति विसरलेली नसते. वरील मापाच्या शटरांत बंद अवस्थेंत सांठलेलें बळ म्हणजे साठ किलोंचें पोतें सव्वा मीटर उंच उचलण्यास जितके श्रम पडतील तितकें. तें रोज सावकाश खर्चिलें जातें म्हणून आपणांस त्याचें भय वाटत नाहीं. तेंच एका क्षणांत मोकळें झालें तर काय होईल, याचा विचार वाचकांनींच करावा.

स्प्रिंग कां तुटते?

"वीस वर्षें चाललेली स्प्रिंग एकाएकीं कां तुटावी?" असें अनेकजण विचारतात. ती एकाएकीं तुटत नसते. एका वेळच्या ताणानें कधींहि न मोडणारा धातु तोच ताण हजारों वेळां आला म्हणजे मोडतो, ही गोष्ट जगास आगगाड्यांनीं शिकविली. १८४२ सालीं फ्रान्समध्यें व्हर्सायजवळ इंजिनाचा आंस मोडून भयंकर अपघात झाला आणि अनेक माणसें दगावलीं. त्यानंतर जर्मनीतील ऑगस्ट व्होलर या रेल्वेच्या इंजिनियरानें आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग करून या दोषाचे नियम शोधिले. यालाच धातूचा थकवा म्हणतात. प्रथम पृष्ठभागावर केंसाहून बारीक चीर पडते. प्रत्येक पिळाबरोबर ती आंत सरकते. आणि एके दिवशीं उरलेला भाग भार सोसूं शकत नाहीं. बंद शटरांत पीळ सर्वाधिक असतो, म्हणूनच पुष्कळदां तुटण्याचा आवाज रात्रीं ऐकूं येतो.

चीर लवकर पडण्याचीं कारणें मात्र बरींचशीं आपल्या हातचीं आहेत. पहिलें कारण गंज. आमच्याकडे मे महिन्यांत चाळीस अंशांवर तापणारा पत्रा जूनमध्यें एकदम भिजतो. पेटीचें झांकण सैल असेल तर पाणी थेट तारेवर उतरतें, आणि गंजानें पडलेली बारीक खांच हीच पुढें चिरेची सुरुवात होते. दुसरें कारण धूळ. सोयाबीनच्या हंगामांत मळणीचा भुसा व रस्त्याची माती बाजूच्या पन्हळींत बसते, शटर अडखळतें, आणि मग माणसें त्यास हिसके देतात. तिसरें कारण हिशेबाबाहेर दिलेला पीळ. शटर जड झालें कीं पन्हळ साफ करण्याऐवजीं "थोडी टाइट करून टाका" म्हणून सांगण्याची जी रीति पडली आहे, तिनें आजची सोय होते आणि स्प्रिंगेचें आयुष्य कमी होतें.

अमेरिकेचें उदाहरण

हा प्रश्न केवळ आमच्या गांवचा नाहीं. आमचा एक भाचा अमेरिकेंत राहतो. तेथें घरोघर मोटारीसाठीं गॅरेज असतें आणि त्याचें दार छताखालीं आडवें सरकत जातें. अशा प्रकारचें वर जाणारें दार सी. जी. जॉन्सन या गृहस्थानें १९२१ सालीं तयार केलें, आणि १९२६ सालीं त्यास विजेनें उघडण्याची सोय जोडली. तें दारहि स्प्रिंगेच्याच बळावर हलकें होतें. दाराच्या डोक्यावरील दांड्यावर एक किंवा दोन जाड स्प्रिंगा पिळून बसविलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंच्या पोलादी दोरांनीं त्या दार तोलून धरतात.

गेल्या हिंवाळ्यांत भाच्याकडील स्प्रिंग तुटली आणि त्यानें फोन करून आमचा विचार विचारला. तेथें मजुरी फार. म्हणून पुष्कळ लोक सामान आणून हें काम स्वतःच करतात. पीळ देण्यासाठीं त्यांस दोन पोलादी सळया लागतात. स्प्रिंगेच्या टोंकावरील छिद्रांत एक सळई घालून पाव फेरा द्यावयाचा, मग दुसरी घालून पहिली काढावयाची, असें तें काम चालतें. योग्य मापाच्या सळईऐवजीं हाताशीं असलेला स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि तो निसटला, तर हात व तोंड दोन्ही धोक्यांत येतात. भाच्याकडे सळया नव्हत्या, पण उत्साह होता. आम्ही त्यास एकच विचारलें, "तूं हें काम आजवर कितीदां पाहिलें आहेस? फोनवर नव्हे, समोर उभा राहून?" त्यानें मुकाट्यानें कारागीर बोलाविला.

त्या निमित्तानें एक उपयुक्त आंकडा मात्र कळला. तेथील साधारण स्प्रिंगा दहा हजार उघडझांपींच्या हिशेबानें बनविलेल्या असतात. दिवसांतून चार वेळां दार उघडलें-मिटलें तर अडीच हजार दिवस, म्हणजे सात वर्षांस थोडे कमी, एवढें तिचें आयुष्य झालें. असा हिशेब आपणहि ठेवावयास हरकत नाहीं. आपल्या गाळ्याचें शटर दिवसांतून दोनदां उघडत असेल तर वर्षाच्या सातशेंहून अधिक उघडझांपी होतात. दहा वर्षांत सात हजार. जुनी स्प्रिंग तुटली म्हणजे दुकानदारानें फसविलें, असें म्हणण्यापूर्वीं हा गुणाकार करून पाहावा.

घरीं काय करावें?

घरीं करण्यासारखें काम थोडें नाहीं, आणि तें नियमानें केलें तर स्प्रिंग पुष्कळ अधिक दिवस टिकते.

पहिलें काम परीक्षेचें. शटर सावकाश कमरेइतक्या उंचीवर आणून हलकेंच हात सोडावा, पण पाय व डोकें त्याच्या खालीं ठेवूं नये. तें आहे तेथें थांबलें किंवा किंचितच सरकलें तर तोल ठीक आहे. धाडकन् खालीं येऊं लागलें तर स्प्रिंग थकली किंवा एखादी तुटली. आपोआप वर उसळलें तर पीळ प्रमाणाबाहेर आहे. ही परीक्षा तीन-चार महिन्यांनीं एकदां करावी. शटर एका बाजूनें वर व दुसऱ्या बाजूनें खालीं असें तिरपें चालूं लागलें, तर अनेक स्प्रिंगांपैकीं एक निकामी झाल्याचा तोहि इशारा असूं शकतो.

दुसरें काम स्वच्छतेचें. बाजूच्या पन्हळी कोरड्या कुंच्यानें झाडून, फडक्यानें पुसून काढाव्या. त्यांत घट्ट ग्रीस भरूं नये, कारण त्यावर धूळ बसून चिखल होतो; शिवणयंत्राच्या तेलासारख्या पातळ तेलाचे थोडे थेंब पुरतात. कुलपाची खिट्टी व खालची पट्टी यांसहि तेल द्यावें.

तिसरें काम पेटीच्या झांकणाचें. पावसाळ्यापूर्वीं तें सैल नाहीं ना, त्यांत चिमण्यांनीं घरटें केलें नाहीं ना, पागोळ्यांचें पाणी त्यावर पडत नाहीं ना, हें शिडीवर चढून बाहेरूनच पाहावें. झांकण उघडण्याचें कारण नाहीं.

चौथें काम संवयीचें. शटर वर भिरकावूं नये. शेवटच्या हातभर अंतरांत हात लावूनच तें थांबवावें. अर्धवट लोंबतें ठेवून त्याखालून येजा करूं नये. मुलांस त्यास लोंबकळूं देऊं नये. आणि ज्या क्षणीं तें नेहमीपेक्षां जड वाटेल त्या क्षणीं वापर थांबवावा. शटर खालीं असेल तर खालींच राहूं द्यावें. वर असेल तर दोन्ही बाजूंस भक्कम लांकडी बल्ल्या देऊन टेकवून ठेवावें, आणि कारागीर येईपर्यंत खालून कोणासहि जाऊं देऊं नये. ज्यांच्याकडे विजेचें शटर आहे त्यांनीं, स्प्रिंग तुटल्याचा संशय येतांच, कळ दाबून पाहण्याचा मोह आवरावा. स्प्रिंगेवाचून सर्व भार त्या यंत्रावर पडतो आणि एका दुखण्याचीं दोन होतात.

येथें घरधन्याचें काम संपतें.

कारागिराचें काम

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनीं ही रेषा ओलांडली. मोठे नीटनेटके आणि हिशेबी. घरांतील नळ, पंखा, इस्त्री हें सर्व स्वतः दुरुस्त करणारे. शटर जड झालें म्हणून त्यांनीं फोनवर पाहून पाईप-पाना आणिला, शिडी लावली, आणि शटर खालीं असतांनाच नळाची पकड ढिली केली. बंद शटरांत पीळ पूर्ण भरलेला असतो, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. पकड सुटतांच नळ उलट फिरला, नळास लावलेल्या पान्याचा दांडा गरकन् वळला, आणि उजव्या हाताचें मनगट दोन ठिकाणीं मोडलें. शिडीवरून पडले नाहींत हें नशीब. सहा आठवडे संध्येची पळी त्यांस डाव्या हातानें धरावी लागली. ते बुद्धीनें कमी होते असें कोण म्हणेल? त्यांनीं पाहिलेली चित्रफीतहि खोटी नव्हती. परंतु काम करणाराचा हात केव्हां कचरतो आणि कां कचरतो, हें चित्रांत दिसत नाहीं.

त्यांचें शटर ज्यानें पुढें दुरुस्त केलें तो आमचा जुना विद्यार्थी. सातवीनंतर त्यानें शाळा सोडली व एका वेल्डिंगच्या दुकानांत राहिला. त्याचें काम आम्ही ओट्यावर बसून आरंभापासून शेवटपर्यंत पाहिलें. आम्ही जरा जवळ सरकलों तेव्हां तो वरूनच म्हणाला, "गुरुजी, मधात नका येऊ. याच्या पोटात लय जोर कोंडेल हाये."

त्यानें प्रथम दोन माणसांकरवीं शटर पूर्ण वर नेलें, म्हणजे पीळ कमींत कमी झाला. खालीं दोन्ही बाजूंस बल्ल्या दिल्या आणि गुंडाळी दोराने बांधली. शटर वर गेलें तरी पीळ शून्य होत नाहीं. आरंभीं दिलेला आगाऊ पीळ आंत उरतोच. म्हणून झांकण काढल्यावर त्यानें नळास दोन पाने लावले. एक भिंतीच्या आधारकास टेकवून अडकविला, दुसरा सहकाऱ्यानें धरला, आणि मगच पकड ढिली केली. पाव-पाव फेऱ्यानें पीळ उतरवितांना तो मोठ्यानें मोजत होता. हा आंकडा त्यानें भिंतीवर खडूनें लिहून ठेवला, कारण परत देतांना तोच पायाभूत धरावयाचा. पीळ पूर्ण उतरल्यावर तिघांनीं गुंडाळीसह नळ खालीं घोड्यावर घेतला, चाकांचे बोल्ट सोडून नळ बाहेर ओढला, आणि तेव्हां कोठें तुटलेली स्प्रिंग हातीं आली. अगदीं टोंकाच्या आंकड्याजवळ तुटलेली. तुटल्या जागीं अर्धा भाग गंजून काळा आणि अर्धा चकचकीत. काळा भाग जुन्या चिरेचा व चकचकीत भाग शेवटच्या रात्रीचा, हें त्यानें आम्हांस बोटानें दाखविलें. व्होलरनें जें प्रयोगशाळेंत सिद्ध केलें तें या मुलानें तुटलेल्या स्प्रिंगा पाहूनपाहून ओळखलें होतें.

नवी स्प्रिंग निवडतांना त्यानें तीन गोष्टी पाहिल्या : तारेची जाडी, स्प्रिंगेची लांबी, आणि वेढ्यांची दिशा उजवी कीं डावी. दिशा चुकली तर पीळ बसण्याऐवजीं वेढे उलगडतात. एकच तुटली असतांहि त्यानें सर्व बदलण्याचा सल्ला दिला. कारण बाकीच्यांनींहि तितकेंच आयुष्य काढलें होतें. नळास ग्रीस लावून, सर्व जोडणी करून, खडूच्या आंकड्याप्रमाणें पीळ देऊन त्यानें शटर कमरेशीं आणून सोडलें. तें थांबलें. मग अर्धा फेरा अधिक देऊन पाहिला, शटर वर उसळलें, तेव्हां तो परत घेतला. सगळें मिळून तीन माणसांचा अर्धा दिवस गेला.

दोन खोट्या काटकसरी

या प्रसंगीं घरधन्याकडून दोन सूचना नेहमी येतात, आणि दोन्ही टाकाऊ आहेत. पहिली : "तुटलेली जोडून द्या ना, वेल्डिंग करून." स्प्रिंगेचा सर्व गुण तिच्या पोलादास दिलेल्या पाण्यांत असतो. वेल्डिंगच्या आंचेनें सांध्याभोंवतालचें पाणी उतरतें. तो भाग कोठें ठिसूळ, कोठें मऊ होतो, आणि स्प्रिंग सांध्याच्या शेजारीं पुन्हां तुटते. दुसरी : "तुटलेला वेढा सोडून उरलेल्यास नवा आंकडा वळवा." हें दिसावयास शहाणपणाचें आहे. पण शटरास लागणारे फेरे तेवढेच राहतात, आणि ते आतां थोड्या वेढ्यांनीं सोसावयाचे असतात. म्हणजे प्रत्येक वेढ्यावर पूर्वींहून अधिक ताण. आधींच थकलेल्या तारेवर हा वाढीव भार घालणें म्हणजे म्हाताऱ्या बैलास दुसऱ्याचेंहि जूं देण्यासारखें आहे. कारागीर कित्येकदां गिऱ्हाइकाच्या आग्रहास्तव हें करून देतो आणि दोष मात्र त्याच्या पदरीं येतो.

अधिकारी कोण?

आपल्या शास्त्रग्रंथांत विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी या चार गोष्टी आरंभीं सांगण्याची पद्धति आहे. ग्रंथ कितीहि चांगला असो, तो कोणासाठीं आहे हें ठरल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं. आमच्या वर्गाच्या सुशिक्षित घरांत अधिकार म्हणजे परीक्षेचें प्रमाणपत्र, अशी एक समजूत खोल रुजली आहे. आणि तिच्या पोटीं दुसरी समजूत आहे कीं, जें हातानें होतें तें डोकें असणारास केव्हांहि जमेल. स्प्रिंग या दोन्ही समजुतींस मानीत नाहीं. तिच्यापुढें अधिकारी तोच, ज्यानें दुसऱ्याच्या हाताखालीं राहून शंभर वेळां पाना धरला आहे. ज्यास हें काम खरोखर शिकावयाचें असेल त्यासहि मार्ग मोकळा आहे. देशांत १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षणाची योजना चालत आली असून वाशीमसहि तशी शासकीय संस्था आहे. आपल्या नातवंडांपैकीं एखाद्यानें तेथें फिटर होण्याची इच्छा दाखविली तर नाक मुरडूं नये, असें आमचें सांगणें आहे.

आणि शेवटची गोष्ट मजुरीची. तिघांच्या अर्ध्या दिवसाचे पैसे देतांना आपण जी घासाघीस करतों, ती भाजीच्या बाजारांतील घासाघिशीसारखी निरुपद्रवी नाहीं. दर पाडला कीं कारागीर तिघांऐवजीं दोघे आणतो, दोन पान्यांऐवजीं एक लावतो, आणि ज्या धोक्यापासून आपण आपलें मनगट वाचविलें तो त्याच्या मनगटावर ढकलतों. काम चांगलें व सुरक्षित व्हावें अशी इच्छा असेल, तर आधींच मजुरी ठरवावी, तीन माणसें येतील अशी अट आपणच घालावी, आणि ठरलेले पैसे काम संपतांच हातावर ठेवावे.

स्प्रिंगा बदलल्याची तारीख गाळ्याच्या आंतील भिंतीवर रंगानें लिहून ठेवावी, म्हणजे पुढील पिढीसहि हिशेब कळेल. तेलपाण्यास दोन दिवस लक्षांत राहण्याजोगे आहेत : अक्षय्य तृतीया, कारण ती पावसाळ्यापूर्वीं येते, आणि खंडेनवमी, कारण त्या दिवशीं आपण हत्यारांची पूजा करतों. शटर हेंहि घर राखणारें एक आयुधच आहे. तेव्हां त्या दिवशीं त्यास हळदकुंकवाबरोबर तेलाचे चार थेंबहि मिळावे. आणि त्या शटराची स्प्रिंग ज्यानें बसविली त्याचा पत्ता घरांतील सर्वांस ठाऊक असावा.